अण्णांच्या घशात अडकलेलं

माझ्या सासऱ्यांनी भाकरी खायची कमी केली तेव्हा मला वाटलं, दोष माझ्या हाताचा आहे.

सासरे येवल्याचे. उभा जन्म पैठणीच्या मागावर गेला. सासूबाई गेल्यावर सात-आठ महिने ते एकटेच राहिले, स्वतःचं करून खाल्लं आणि मागावरही बसत राहिले. मग मानेनं साथ सोडली. मान इतकी आखडली, की कोणी मागून हाक मारली तर त्यांना सगळं अंग वळवून बघावं लागे. तासन्‌तास खाली वाकून धागे जुळवणं होईना. माग बंद झाला आणि माझा नवरा एका रविवारी जाऊन त्यांना नाशिकला घेऊन आला.

आम्ही सातपूरला राहतो. नवरा तिथल्याच एका कंपनीत ऑपरेटर आहे, त्याच्या शिफ्टा बदलत असतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा सकाळची, साडेबारापर्यंत मी घरी येते. म्हणजे दुपारचं जेवण बहुतेक वेळा मी आणि सासरे, दोघांचंच.

घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मीही म्हणते. ते मात्र मला काहीच म्हणत नसत. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती, पण आमच्यात बोलणं असं फारसं नव्हतंच. “पाणी मिळंल का?” असं ते समोरच्या भिंतीला विचारत आणि मी तांब्या आणून ठेवी. राग नव्हता, तुटकपणाही नव्हता. संकोच होता, आणि तो दोन्हीकडून होता.

तर अशा माणसानं ताटातली भाकरी बाजूला सारायला सुरुवात केली. आधी नुसते काठ टाकायचे. मग अर्धी टाकायला लागले. वरण मात्र वाटीभर प्यायचे. भात वरणात पार कालवून, पातळ करून खायचे. मला राहवेना. सासूबाईंच्या हातच्या शेवभाजीचं सगळे कौतुक करत, म्हणून मी तशी करून बघितली. बाजरीची भाकरी पातळ थापली, मग जाड थापली. तीळ लावले. “अण्णा, बरं नाही का झालं?” असं विचारलं की ते घाईनं म्हणत, “चांगलं झालंय, चांगलं झालंय. पोट भरलं.” आणि ताटावरून उठत.

पुढं पुढं ते आमच्याबरोबर जेवायलाच बसेनात. “तुमी घ्या जेवून, मला भूक नाय आत्ता,” म्हणत आणि सगळ्यांचं उरकल्यावर एकटे बसत. त्यांचं जेवण तासभर चाले. एकदा मी कपडे वाळत घालता घालता खिडकीतून पाहिलं. प्रत्येक घासानंतर ते पाण्याचा घोट घेत होते आणि गिळताना आखडलेली मान जमेल तेवढी डावीकडे वळवून हनुवटी खाली घेत होते. डोळे घट्ट मिटलेले. मला वाटलं, मान दुखत असेल. मागावरच्या माणसाची मान दुखणारच, त्यात नवल काय?

येवल्याला माझी नणंद असते. तिचं सासर गावातच, त्यामुळं आईच्या आजारपणात तिनंच सगळं केलं होतं. ती दर दोन दिवसांनी फोन करी. एकदा ती अण्णांना भेटायला आली आणि त्यांचे दंड बघून तिचा चेहराच उतरला. जाताना दारात चपला घालत ती मला म्हणाली, “वहिनी, त्यांना तुमच्या शहरातलं जेवण रुचत नसंल. मी घेऊन जाऊ का त्यांना?”

मी “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा” असं काहीतरी म्हटलं. पण ते वाक्य मला फार लागलं. त्या दिवशी पोळ्या लाटताना माझे डोळे भरून येत होते आणि अण्णा हॉलमध्ये बसलेले होते म्हणून मी नाक ओढत नव्हते. अण्णा गेले नाहीत. “इथंच बरा हाय मी,” एवढंच लेकीला म्हणाले. का बरे आहेत, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

जेवणात मी हरले, पण निदान औषधपाण्यात तरी कमी पडायचं नाही, असं मी ठरवलं. अण्णांना रक्तदाबाची, साखरेची आणि पित्ताची मिळून दिवसाला पाच गोळ्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. स्ट्रिपवरची अक्षरं त्यांना दिसत नसत. दोनदा त्यांनी सकाळची गोळी संध्याकाळी घेतली. मग मी कपाटावरचा जुना मसाल्याचा डबा काढला, घासून-पुसून कोरडा केला. कात्री घेऊन सगळ्या स्ट्रिपा एकेक गोळी वेगळी होईल अशा कापल्या आणि आतल्या वाट्यांमधून लावून ठेवल्या. ही सकाळची, ही दुपारची, ही संध्याकाळची. गोळ्या उघड्या ठेवल्या तर दमट होतील, म्हणून पाकिटातच राहू दिल्या.

अण्णांना ते फार आवडलं. डब्याचं झाकण उघडून त्यांनी प्रत्येक वाटीवरून बोट फिरवलं. “हे झ्याक झालं,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मी शेजारच्या ताईंना बोलावून तो डबा दाखवला.

त्यानंतर महिनाभरानं घडलं ते असं.

नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला होता. मी शाळेतून आले, तर अण्णा पलंगाच्या कडेला बसलेले. समोर मोरीतलं घमेलं, तोंडाला टॉवेल. माझी चाहूल लागताच त्यांनी टॉवेल लपवायचा प्रयत्न केला.

“काय झालं अण्णा?”

“काय नाय. गोळी अडकल्यासारखी वाटती.”

“कधीपासून?”

त्यांनी हातानंच खूण केली, झाला थोडा वेळ. मी पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला, मान वळवली, गिळायला गेले आणि सगळं पाणी परत बाहेर आलं. गळ्याच्या खालच्या भागावर बोट टेकवून ते तसेच बसून राहिले. तेवढ्यात शेजारच्या ताई आल्या. त्या म्हणाल्या, “केळं द्या, केळ्याबरोबर उतरेल.” मी केळ्याचा तुकडा कुस्करून दिला. तोही परत आला, आणि ह्या वेळी अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांना थुंकीसुद्धा गिळता येत नाहीये. म्हणून टॉवेल, म्हणून घमेलं.

गोळी असती तर एव्हाना विरघळली असती, असं मनात आलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. डबा ओट्यावर होता. दुपारच्या वाटीतली एक गोळी कमी होती. रिकामं पाकीट अण्णा नेहमी डब्याशेजारी ठेवत, फेकायचं काम माझं. ते तिथं नव्हतं. मी केराची बादली उपडी केली. पलंगाखाली पाहिलं, त्यांच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. कुठंच नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. “अण्णा, गोळी पाकिटातून बाहेर काढली होती ना?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच नजर खाली गेली. “बोटाला कळलं नाय गं बाई,” ते म्हणाले.

बारा वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा काहीतरी म्हटलं होतं. लेकीला म्हणतात तसं, बाई. पण तेव्हा ते ऐकायचं भान मला नव्हतं. मला फक्त माझी कात्री दिसत होती. ते चार टोकांचं चौकोनी पाकीट मी कापलं होतं. मी.

नवऱ्याचा फोन लागेना; मशीनवर असताना फोन जवळ ठेवायची परवानगी नाही. कंपनीच्या गेटवर फोन करून निरोप ठेवला, रिक्षा बोलावली आणि आम्ही निघालो. प्रत्येक स्पीडब्रेकरला अण्णा दोन्ही हातांनी मान धरत. मी रिक्षावाल्याला “दादा, हळू” म्हणायची आणि लगेच “जरा लवकर” म्हणायची. त्यानं आरशातून बघितलं.

नाक-कान-घशाचं ते छोटं हॉस्पिटल होतं. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी अण्णांना सरळ बसवलं, घशात दुर्बीण घालून पाहिलं, मग मानेचा एका बाजूनं एक्स-रे काढायला लावला. “पाकिटासकट कशी काय गेली गोळी?” त्यांनी विचारलं. “स्ट्रिप कापून ठेवली होती का?”

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी अण्णा टॉवेलाआडून बोलले. घोगरा आवाज, शब्द धड फुटत नव्हते.

“व्हय. मीच कापली.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते डॉक्टरांकडे बघत होते. आणि मी गप्प राहिले. घाबरले होते म्हणा, लाज वाटली म्हणा, पण गप्प राहिले हे खरं.

एक्स-रे आल्यावर डॉक्टरांनी तो स्क्रीनवर लावला. मानेचे मणके एकावर एक, आणि खालच्या दोन-तीन मणक्यांना पुढच्या बाजूनं हाडाचे कोंब फुटलेले. पक्ष्याच्या चोची असाव्यात तसे. त्याच्या जरा वर एक पुसट चौकोनी कड दिसत होती. डॉक्टरांनी पेनानं ती दाखवली. “अन्ननलिका मणक्याच्या अगदी पुढून जाते. मागून हे हाड तिला ढकलतंय, त्यामुळं वाट अरुंद झालीय. पाकीट नेमकं त्याच्या वरच अडकलंय. हाडाचं नंतर बोलू. आधी हे काढू या. टोकं धारदार असतात, जास्त वेळ ठेवण्यात अर्थ नाही.”

मग स्कॅन झाला. भूल देणारे डॉक्टर आले. त्यांनी अण्णांना मान मागं करायला सांगितली. अण्णांनी जोर लावला, पण मान बोटभरसुद्धा मागं जाईना. ते डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, “मान अवघड आहे. श्वासाची नळी घालायला वेळ लागेल. सरळ, ताठ दुर्बीण घालणं इथं धोक्याचं आहे, म्हणून वाकणारी दुर्बीण वापरतोय. तिच्या टोकाला मऊ टोपी लावतात, म्हणजे पाकीट ओढून काढताना घशाला इजा होत नाही.” त्यांनी सही मागितली. मी सही केली. माझं अक्षर मलाच ओळखू येईना.

तेवढ्यात नवरा आला. अंगात कंपनीचा गणवेश, पायात बूट, हाताला अजून तेलाचा वास. स्ट्रेचरवरच्या अण्णांजवळ वाकून तो म्हणाला, “अण्णा, कशाला हे असले कापाकापीचे उद्योग करायचे? आम्ही नव्हतो का?” अण्णांनी नुसती मान हलवली, म्हणजे हलवल्यासारखं केलं. आणि त्यांना आत नेलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. नवरा हाताचं तेल गणवेशाला पुसत होता. मग म्हणाला, “आम्ही लहान होतो ना, तेव्हा आईनं ताटं वाढून हाक मारली तरी अण्णा मागावरून उठायचे नाहीत. एवढी ओळ झाली की आलो, म्हणायचे. ती ओळ काही संपायची नाही. सगळं वाकून वाकून झालंय बघ. त्या मागानं माणूस खाल्ला.” मला तेव्हा त्याला सांगायचं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण दार उघडलं.

डॉक्टरांच्या हातात स्टीलचा छोटा ट्रे होता. “निघालं,” त्या म्हणाल्या. “आत थोडं खरचटलंय, पण भोक नाही पडलेलं. दोन-तीन दिवस नाकातल्या नळीनं खायला देऊ.” ट्रेमध्ये ते पाकीट होतं. आत गोळी होती तशीच, अख्खी, कोरडी. एका बाजूचा काप तिरका गेला होता. त्या दिवशी दूध उतू जात होतं म्हणून मी घाईत कापलं होतं, तेही मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद पहिल्या एस.टी.नं आली. अण्णा खाटेवर टेकून बसले होते, नाकात नळी, बोलायला मनाई. ती आल्या आल्या त्यांच्या पायांवर हात फिरवायला लागली आणि बोलायलाही लागली. “काय हो अण्णा, काय दुर्बुद्धी झाली? दिसत नाही तर कात्री कशाला हातात घ्यायची? वहिनीला सांगता येत नव्हतं? काही झालं असतं म्हणजे?” अण्णा सगळं ऐकून घेत होते. पोरानं चोरून काही केल्यावर बसावं तसे, खाली बघत. मधून मधून हात वर करून “चुकलं” अशी खूण करत.

मला ते सहन होईना. बहात्तर वर्षांचा माणूस माझ्या वाटणीची बोलणी खात होता आणि मी थर्मासमधून कॉफी ओतत होते.

“ताई,” मी म्हटलं, “स्ट्रिपा मी कापल्या होत्या. अण्णांनी नाही. ते खोटं बोलले.”

अण्णांनी लगेच हात हलवला, नाही नाही म्हणून. मी म्हटलं, “अण्णा, आता पुरे.” एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आणि मग मला रडू आलं. डबा, वाट्या, पाकीट न सोलता ठेवलेलं, कालपासून गप्प बसलेली मी, सगळं एका दमात सांगून टाकलं.

नणंद उठली. मला वाटलं, आता ही काय बोलणार. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातला कप काढून घेऊन तिनं खिडकीत ठेवला.

“आईच्या गोळ्या मी तश्शाच कापून द्यायचे, वहिनी,” ती म्हणाली. “दोन वर्षं. उशाखाली बटव्यात ठेवायची ती. माझ्या कधी मनातसुद्धा आलं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि त्या दिवशी मी ते जेवणाचं बोलले, ते चुकलं माझं.”

अण्णा आमच्या दोघींकडे बघत होते. त्यांनी खाटेवरची जागा हातानं थोपटली, म्हणजे बसा. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो. संध्याकाळी मी नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं. त्यांच्या हातानं कात्री चालते कुठं आता.” आणि माझ्या डोक्यावर टपली मारून तो औषधं आणायला खाली गेला.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. डॉक्टरांनी पातळ पेज चमच्यानं द्यायला लावली आणि अण्णा गिळताना काय करतात ते लक्ष देऊन पाहिलं. अण्णांनी नेहमीसारखी मान डावीकडे वळवली, हनुवटी खाली घेतली.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं, आजोबा? आम्ही हेच शिकवतो पेशंटना.”

“कुणी नाय. घशानंच शिकवलं.”

“म्हणजे गिळायला त्रास आधीपासून आहे?”

“हाय की.”

“किती दिवस?”

अण्णा बोटांनी चादरीची कड चाचपत राहिले. कापडावर बोटं फिरवायची त्यांची सवय होती. मग म्हणाले, “हिला जाऊन दोन वर्षं व्हत आली. तवापासनं.”

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं.

“दहाव्याच्या दिवशी पहिल्यांदा घास अडाकला,” अण्णा सांगत होते. डॉक्टरांना सांगत होते, पण डॉक्टरांकडे बघत नव्हते. “लोक म्हनले, व्हतं असं. मानूस गेल्यावर घास उतरत नाय. मी बी तसंच समजलो. म्हनलं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सोबत, घशाखाली कसं उतरंल? मग रोजचंच झालं. भाकरी खाल्ली की ही आठवायची. मला वाटायचं, हेच हाय. हे असंच राहनार. कुनाला काय सांगायचं त्यात?”

आपल्याकडे सगळे असंच म्हणतात, घास घशाखाली उतरत नाही. मीही कितीदा म्हटलं असेन. ह्या माणसानं ते अक्षरशः खरं मानलं होतं. बायकोचं दुःख आपल्या गळ्यात येऊन बसलंय, असं धरून दोन वर्षं तो त्याच्या बाजूनं वाट काढत जेवत होता. आणि मी समजत होते, मीठ कमी पडतंय.

डॉक्टरांनी तो एक्स-रे पुन्हा लावला आणि ते हाडाचे कोंब त्यांना सावकाश समजावून सांगितले. अण्णा डोळे बारीक करून बघत राहिले.

“म्हंजी ते हाडाचं व्हतं?” ते म्हणाले. “हिच्यामुळं नव्हतं?”

त्यांच्या आवाजात सुटका होती की हिरमोड होता, मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. त्या म्हणाल्या, “हाड तर आहेच, आजोबा. ते बऱ्याच वर्षांत हळूहळू वाढतं. पण दुसरंही असेल ना. एकाच घशात दोन्ही असू शकतं.”

अण्णांनी मान डोलावली. मग त्यांनी आणखी एक विचारलं. “पोरगं म्हनतंय, मागानं झालं. खरं का?”

“तसं छातीठोकपणे सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “वयानुसार पुष्कळांना होतं. ज्यांनी आयुष्यात काडी उचलली नाही, त्यांनाही होतं. मागाच्या माथी नका मारू.”

“मी बी तेच म्हनतो,” अण्णा म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

हाड तासायचं ऑपरेशन असतं, पण त्यांचं वय आणि साखर बघता घाई नको, असं ठरलं. सरळ बसून जेवायचं, छोटे घास घ्यायचे, कोरडं काही नको, जेवताना बोलायचं नाही आणि जेवताना कोणीतरी समोर बसलेलं पाहिजे. गोळ्यांपैकी कोणत्या कुटून द्यायच्या आणि कोणत्या कुटायच्या नाहीत, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं. गोळी आता मी त्यांच्या तळहातावर काढून ठेवते आणि पोटात गेल्यावरच उठते.

घरी आल्यावर मी विचारलं, “अण्णा, तुम्हाला खरं काय खावंसं वाटतं? आता खरं सांगायचं.” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “कन्या.” ज्वारीच्या भरडीच्या कण्या मी कधी केल्या नव्हत्या. मग त्यांनीच स्वयंपाकघरात खुर्ची मागितली आणि ताठ बसून हुकूम सोडायला लागले. पानी आधी उकळू दे. हळूहळू सोड, बाई. ढवळत रहा, गुठळी व्हईल. ताक आत्ता नको, खाली उतरल्यावर. पहिल्या दिवशी करपल्या. दुसऱ्या दिवशी घट्ट झाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी वाटी संपवली आणि खूण केली, आणखी.

दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवतो. बोलायची मनाई, त्यामुळं घर शांत असतं. त्यांना अजूनही पाऊण तास लागतो. मी माझं जेवण तेवढंच लांबवते. वह्या तपासायच्या असल्या तरी शेजारी ठेवते, उघडत नाही. तीन-चार महिन्यांत त्यांचे दंड भरले. नणंद आली की ते चाचपून बघते.

हाड अजून आहे. सहा महिन्यांनी डॉक्टर बोलावतात, पुन्हा एक्स-रे काढतात. अधूनमधून एखादा घास अडतो. तेव्हा ते हात वर करतात, मी थांबते, तो उतरतो.

गेल्या हिवाळ्यातली एक दुपार आहे. जेवणं झाली होती आणि बाल्कनीत उन्हाला बसून आम्ही वाटाणे सोलत होतो. दाणे आपसूक बोटांत यायचे, त्याला डोळे लागत नाहीत, म्हणून हे काम त्यांना आवडे. सोलता सोलता ते एकदम म्हणाले, “शेवटच्या दिवशी हिनं माझ्याकडं पानी मागितलं व्हतं.”

मी शेंग हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं.

“मी म्हनलं, एवढी ओळ झाली की देतो.” त्यांचे हात थांबले. “दिलं मी. पर उशिरा दिलं. ती काय बोलली नाय. पर मला ठाऊक हाय, उशिरा दिलं.”

आणि ते रडले. सासूबाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते. सगळे गावकरी म्हणत होते, घट्ट मनाचा माणूस. आता मात्र मोठ्यानं रडले. खांदे हलत होते आणि ती आखडलेली मान तशीच ताठ होती. सुनेनं सासऱ्याच्या पायांशिवाय कुठं हात लावायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी हातातली शेंग खाली ठेवली. मग उठले, त्यांच्यामागं जाऊन पाठीवर हात ठेवला. सदऱ्यातून उन्हाची ऊब लागत होती. मी हात तिथंच राहू दिला.

बऱ्याच वेळानं त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, एक मोठा श्वास घेतला आणि पुढ्यातली परात जवळ ओढली. “ऊन जायच्या आत उरकू,” ते म्हणाले. मी खाली बसले आणि अर्धी शेंगांची रास माझ्याकडे घेतली.